अर्धं लक्ष

आई लॅपटॉपवर अपूर्णांकांचा प्रोग्रॅम तपासत बसली होती. शेजारी लाल खडूने फुगा रंगवत लेक शाळेतली गंमत सांगत होती.

“आई, तुझं लक्षच नाहीये.”

“अर्धं आहे गं, राणी. अर्धं याच्याकडे.”

“काय करतेस तू त्याला?”

“खोड्या काढते. अर्धा आणि पाव किती विचारलं, तो पाऊण म्हणाला, की हिरवा ठिपका. मग मुद्दाम वेड्यासारखं विचारायचं. एकाचे शून्य भाग कर म्हणायचं. ‘हे चूक आहे’ म्हणाला तर हिरवा. मुकाट्याने गिळलं तर लाल.”

लेकीने मान डोलावली आणि गंमत पुढे चालू केली. “मग ना, बाईंनी सगळ्यांना डब्यात एकेक हत्ती दिला. मी माझा संपवला.”

“शहाणं गं माझं बाळ ते,” आईची बोटं टकटक चालूच होती. “वर पाणी प्यायलीस ना?”

पडद्यावरचा शेवटचा ठिपका हिरवा झाला. आईने हुश्श करून मान वळवली, तर लेक खडू परजून उभी.

“नाक पुढे कर. अख्खा हत्ती गिळलास तू.”