सुलतानाचं लाकडी डोकं

सुलतानाचं डोकं तापीत बुडेना.

उखर्डू पगडीबंद राजघाटावर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दोन्ही हातांनी ते खाली दाबायचा. हात सोडले की ते गटांगळी खाऊन वर यायचं आणि पुन्हा पायरीला लागायचं. डोकं सागवानी होतं, बुडणार कसं? पण उखर्डूच्या घराची रीत म्हणजे रीत. मोठ्या गिऱ्हाइकाच्या मापाचं लाकडी डोकं कोरायचं, त्यावर पगडी बांधायची, आणि गिऱ्हाईक वारलं की डोकं तापीमायला द्यायचं. झांजिबारचे सुलतान वारल्याची तार काल आली होती. उखर्डूनं तर मिशीही उतरवली होती.

"दगड बांधा ना, भाऊ," पायरीवरून कडू म्हणाला. "राजा माणूस आहे, असा सहजासहजी नाही जायचा."

कडूही पगडीबंदच. पण तो चपराशांच्या लाल पगड्या बांधायचा. मुंबईचा सरकारी ठेकेदार मागेल तितक्या, इंग्रजांचं निशाण असेल तिथं जाणाऱ्या. पगड्या शंभर, ठोकळा एक. उखर्डू त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

का बघावं? दसऱ्याचा पहिला विडा चार पिढ्या उखर्डूच्याच घरात होता. बिरादरीत ज्याचं गिऱ्हाईक सगळ्यांत मोठं, विडा त्याचा. आणि विडा ज्याचा, त्याचा शब्द वर्षभर शेवटचा. त्या विड्यात उखर्डूचा जीव अडकलेला होता.

पणजोबानं कोरलेलं पहिलं डोकं मस्कतच्या सुलतानाचं. काय ते डोकं! घागरीएवढं म्हणे. अरबांनी फिरंग्यांना समुद्रातून हाकलून लावलेलं, मस्कतपासून आफ्रिकेपर्यंत जहाजं त्यांचीच. पगडीला कापड लागे चाळीस हात. मग सुलतान गेला आणि पोरं भांडली. एकानं मस्कत घेतलं, दुसऱ्यानं झांजिबार. मस्कतवाल्यानं पगडी मागवणंच सोडलं. झांजिबारवाल्याची भरली तीस हात. जर्मनांनी किनाऱ्याचा लचका तोडला तेव्हा बावीस. उरलेल्यावर इंग्रज येऊन बसले तेव्हा चौदा. उखर्डूनं जन्मात नकाशा पाहिला नव्हता. राज्य किती उरलं ते त्याला कापड मोजतानाच कळायचं. तरी म्हणायचा, "सुलतान तो सुलतानच!"

शेवटी दगडच बांधून डोकं बुडवलं आणि ओल्या धोतरानं तो घरी पोचला, तर दारात दुसरी तार. मुंबईच्या दलालाची. नवे सुलतान गादीवर बसले, डोकं बावीस इंच, पगडी दसऱ्याआधी हवी.

उखर्डूनं तार कपाळाला लावली. "बावीस इंच!" सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला आणि तसाच कोरायला बसला.

दुसऱ्या दिवशी तिसरी तार आली. हे सुलतान इंग्रजांना पसंत नव्हते. आरमारानं राजवाड्यावर तोफा डागल्या. पाऊण तासही लागला नाही, सुलतान पळाले. उखर्डूचा अजून डावा कान कोरून पुरा झाला नव्हता.

"अवो, एवढ्यात माझी तुरीची डाळ नाही शिजत!" त्याची बायको भागाबाई चुलीपासून म्हणाली. "आता याचं काय करता? आणि सुतकाला काढायला मिशी आहे कुठं? माझा बाप गेला तेव्हा मात्र एका केसाला हात लावला नव्हता तुम्ही!"

प्रश्न पंचांपुढे गेला. मेला म्हणावं तर माणूस जिवंत. जिवंत म्हणावं तर सुलतान नाही. बुडवायचं की ठेवायचं? दोन बैठका झाल्या. शेवटी थोरले पंच लोटूबाबा वैतागले, "अरे, आधी त्याला मरू तर द्या!" डोकं माळ्यावर गेलं, दीड कानासकट.

इंग्रजांनी आपल्या पसंतीचा सुलतान बसवला. उखर्डूनं दलालाला माप मागितलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तरी नाही. सागाचा ठोकळा तासून ठेवला, जर काढून ठेवली, रोज गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनापर्यंत जाऊन डाक विचारून आला. मिशी परत आली, माप आलं नाही. रात्री त्याला झोप लागेना. चार पिढ्यांचा विडा आपल्या हातून जाणार की काय?

दसऱ्याला बिरादरी जमली. लोटूबाबांनी विडा ताटात ठेवला. "उखर्डूभाऊ, गिऱ्हाईक कोण?"

"झांजिबारचे सुलतान," उखर्डू ताठ बसून म्हणाला.

"माप आलं?"

"येईल. राजेलोकांचं काम आहे, बाबा. टाइम लागतो."

लोटूबाबांचा हात विड्याकडे गेला. तेवढ्यात कडू उठला. "थांबा जी. मलाबी ठेकेदाराचा कागद आला, इंग्रजीत आहे. मास्तर, वाचा जरा."

अरविंद मास्तरांनी चष्मा लावला. "झांजिबारच्या इंग्रज वकिलातीसाठी लाल पगड्या. नग एकशे एक. शंभर साध्या, एकीला जर."

उखर्डू इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "घ्या! सुलतानाच्या गावात याचे शंभर चपराशी! आणि ती जरीची कोणाची रे कडू? हेडचपराशाची?"

सगळी बिरादरी हसली. मास्तरांनी कागद उलटला. एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"जरीची सुलतानांची," ते म्हणाले. "वेगळं माप नाही. लिहिलंय, चपराशाचंच चालेल."