कच्चे टाके

तिसऱ्यांदा दोरा तुटला तेव्हा धाकटीने मशीन थांबवलं. सुईला बोट लावलं तर ते चिकटलं. गोधडी अर्धी शिवून झाली होती, अर्धी राहिली होती, आणि पाच वाजता गिऱ्हाईक दारात उभं राहणार होतं.

चूक तिचीच होती. वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर शिवताना सरकू नये म्हणून आधी हाताने कच्चे टाके घालायचे, चार-चार बोटांवर एक ओळ, हा ताईचा कायदा. गोंदाचा फवारा मारून थर चिकटवणं म्हणजे आळशांचा उद्योग, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. धाकटी आजवर फक्त तुकडे कापून जोडायची आणि गोधडी शिवून झाली की उरलेले कच्चे टाके उसवायची. मधलं सगळं ताई दार लावून एकटी करायची. आता ताईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ही अख्खी गोधडी धाकटीवर आली. कच्च्या टाक्यांना दोन दिवस लागतात. तिने गुपचूप फवाऱ्याचा डबा आणला आणि थर सरकायला नकोत म्हणून एकदाच्या जागी तीनदा मारला.

"तुला हे जमलं तरच दुसऱ्या डोळ्याचं बघू," ताईने बजावलं होतं. "दुकान बंद ठेवून मी डोळे उघडायला जायची नाही." पहिलं ऑपरेशनही तिने दोनदा पुढे ढकललं होतं. धाकटीला गिऱ्हाइकाची नाही, दुसऱ्या ऑपरेशनची तारीख टळण्याची धास्ती होती.

तिने डबा चिंध्यांच्या ढिगाखाली सारला, नवा दोरा ओवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

"सुई पूस," दारातून आवाज आला. काळा चष्मा लावून ताई उभी होती.

"कशाला? चांगली चाललीय की."

"टाके गाळतेय. ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही."

धाकटीने पायाने चिंध्यांचा ढीग आणखी आत लोटला. ताई मात्र सरळ स्वतःच्या खणाशी गेली. बटणांच्या डब्यामागून तिने स्पिरिटची बाटली काढली.

"यात चिंधी भिजव आणि दर चार ओळींनी सुई पूस. जाड सुई लाव. आणि थांब जरा दहा मिनिटं, फवारा वाळू दे. ओला गोंद सुईवर चढतो." तिने गोधडीखाली हात घालून अस्तर चाचपलं. "इथे चुणी पडलीय. वरून शिवायच्या आत सोडव आणि परत बसव. सुटतं ते."

ताईने सांगितलं तसं धाकटीने केलं. मशीन एका लयीत चालू लागलं. पाचला दहा कमी असताना शेवटची ओळ संपली. ताईने गोधडीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला.

"दवाखान्यात फोन कर," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे."

धाकटीला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. फोन हातात घेता घेता ती थांबली.

"ताई, तू तर फवाऱ्याला कधी हात लावला नाहीस."

ताई खुर्चीत बसली. "दोन वर्षं तोच वापरतेय. मशीनवर ओळ सरळ धरायला पट्टीचा तरी आधार असतो. हाताने टाके घालताना मला ओळच दिसत नव्हती गं."

धाकटीला ते कडेचे टाके आठवले. मधले टाके मी उसवलेत, असं म्हणून ताई कडेचे तेवढे तिच्याकडे सोपवायची. दोन वर्षं तिने ते एकेक करून उसवले होते.

"मग ते कडेचे कशाला घालायचीस?"

"तुला दिसावेत म्हणून."