ठरलेलं भांडण

दाजी ठरल्याप्रमाणे रागावला. ठरल्याप्रमाणे त्यानं गिटारची वायर उपटली, मेहुण्याच्या तोंडासमोर बोट नाचवलं आणि पाय आपटत विंगेत निघून गेला. मागे हॉलभर हुर्यो उडाली. एवढी दाद त्याला आजवरच्या एकाही कार्यक्रमात मिळाली नव्हती, त्यामुळे विंगेत पोचताच तो खुदकन हसला.

विंगेत पैलवान उभा होता. म्हणजे तिकीट लावून, निकाल आधी ठरवून होणाऱ्या कुस्त्यांमधला पैलवान. मुखवटा चढवून जन्मभर दुष्टाचं काम केलेला माणूस. लोकांसमोर कसं उभं राहायचं हे बँडला शिकवायला मेहुण्यानं त्याला शोधून आणलं होतं, आणि गरज होतीच. गाणी चांगली होती, पण ड्रमवाला मान वर करत नसे, दाजी लोकांकडे पाठ करून तारा जुळवत बसे आणि लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसत. पैलवानानं पहिल्याच दिवशी सांगितलं, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला सुराच्या आधी भांडण कळतं. त्याला भांडण द्या, गाणं तो आपणहून ऐकेल.

मग भांडण बेतलं गेलं. मेहुण्यानं भर कार्यक्रमात दाजीचा पाणउतारा करायचा, दाजीनं निघून जायचं. मेहुण्यानं एकट्यानं गाणं सुरू करायचं, अर्ध्यावर अडायचं, लोकांकडून दाजीला हाका मारवून घ्यायच्या आणि दाजीनं धावत येऊन गाणं उचलायचं. गाणं दाजीचंच होतं, शब्द आणि चाल दोन्ही. बायकोच्या भावाचा गळा ओळखून त्याला माइकसमोर उभा करणाराही दाजीच.

आता मेहुणा एकटा गात होता. दाजीनं दुसरी गिटार गळ्यात अडकवली. मेहुणा बरोबर ठरल्या जागी अडला. हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी दाजीच्या नावानं हाक मारली आणि बघता बघता सगळा हॉल दाजी, दाजी करायला लागला. दाजीच्या अंगावर काटा आला. त्यानं पाऊल उचललं.

तेवढ्यात मेहुण्यानं हात वर केला आणि पलीकडच्या विंगेकडे बोट दाखवलं. तिथून गळ्यात गिटार घालून एक दाढीवाला आला. आला तो थेट दाजीची चाल वाजवायलाच लागला.

आधी लोक चिडून ओरडले. मग चाल उलगडत गेली तसे टाळ्यांनी ठेका धरायला लागले. दाजी जागच्या जागी ऐकत राहिला. शेवटच्या ओळीआधी त्यानं परवाच्या तालमीत सुरांची एक छोटीशी हरकत घातली होती. ती अजून एकाही कार्यक्रमात वाजली नव्हती. दाढीवाल्यानं ती सहज वाजवली. म्हणजे तालमीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे पोचलं होतं, आणि ते पोचवणारा रोज संध्याकाळी दाजीच्या घरी जेवत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं पैलवानाला विचारलं.

"काल कळलं," पैलवान म्हणाला. "आमच्यात पडणाऱ्याला सांगितल्याशिवाय पाडत नाहीत. मी म्हटलं त्याला, दाजींना सांग. तर म्हणाला, दाजींना नाटक जमत नाही, त्यांचा चेहरा सगळं बोलून जाईल."

"आणि उद्यापासून?"

"उद्यापासून दाढीवाला. स्टेजवर तो बरा दिसतो म्हणे."

पैलवानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दाजीनं तो झटकला, गिटार तिथेच टेकवली आणि सरळ स्टेजवर गेला. ड्रमवाल्यासमोरचा माइक त्यानं खेचून घेतला. ड्रमवाल्यानं मान वर केली नाही.

"थांबवा हे," दाजी म्हणाला. वाजणं थांबलं. "हे असं ठरलं नव्हतं. गाणं माझं आहे. ह्यानं केसानं गळा कापलाय माझा."

त्याचा आवाज फाटला. पण आयुष्यात पहिल्यांदा तो लोकांच्या डोळ्यांत बघून बोलत होता.

अख्खा हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या सुरू झाल्या, मागचे लोक खुर्च्यांवर चढले. दाजी ओरडून सांगायला लागला, की मी खरं बोलतोय, हे नाटक नाही. तसा लोकांना आणखीच जोर चढला. मेहुणा घाव बसल्यासारखा छातीवर हात धरून दोन पावलं मागे सरकला. मग माइक बाजूला करून हळूच म्हणाला, "भारी, दाजी. अजून थोडं ताणा."

दाजीनं पहिल्या रांगेत बायकोला शोधलं. निदान हिला तरी कळेल, असं त्याला वाटलं. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल, हिला कळलं पाहिजे. ती दिसली. दुपारी जेवताना त्यानं स्वतःच तिला बजावलं होतं, की आज आमच्यात काहीही झालं तरी घाबरू नकोस, तुझ्या भावाचं नि माझं सगळं आधी ठरलंय. ती घाबरली नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला दिसावं म्हणून ती हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती.