पिंपातला सायलेन्सर

जमिनीवर आणि खाडीतही चालणारी वडिलांची अर्धवट राहिलेली गाडी पुरी करायला मृणाल बोर्लीच्या वर्कशॉपमध्ये आली. गाडीचा नवा सायलेन्सर पाण्याच्या पिंपात दगडाखाली दडपून ठेवला होता, दोन्ही तोंडांना बुचं मारून.

“बुचं कशाला, चाचा?”

“वेल्डिंग कुठं गळतंय का बघायला,” वडिलांचा भागीदार अब्दुस्समद म्हणाला. “लोक कॉम्प्रेसरनं हवा भरतात. तुझा बाप हट्टी! गाल फुगवून स्वतः फुंकायचा, झटकन बूच मारून बुडवायचा. त्या दिवशी हा पिंपात टाकून चहाला बसला, तो उठलाच न्हाय.”

मृणाल वाकून पाण्यात बघत राहिली. “बुडबुडा आला?”

“अजून एक न्हाय. त्याची फुंकर तशीच आत हाय. काढ बुचं, बसवून टाकू.”

तिने बुचाला हात लावला आणि मागे घेतला.

“चाचा, गाडीला दुसरा बनवा.”