वाघानं रिकामी केलेली खोली

"खोटं वाटेल, पण ताडोब्याला आम्हाला खोली मिळाली ती वाघामुळे," मी मित्रांना रंगवून सांगत होतो. "सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार. स्वस्तातल्या खोल्या भरलेल्या, उरलेल्यांचं भाडं ऐकून घाम फुटला. हिचे गुडघे सुजलेले, पाठ टेकायला जागा हवीच होती.

"तेवढ्यात एका घराच्या ओसरीवर वाघ येऊन बसला! आतले पाहुणे मागच्या दारानं पळाले. मी म्हटलं, 'दादा, जरा सरका,' तर तो शेपटी सावरून उठला. हिनं गादीवर पाय पसरले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

चहा घेऊन आलेली बायको फणकारली, "कुठला वाघ? घरमालकीण माझ्या माहेरच्या गावची निघाली. 'लेकीकडून कसलं भाडं?' म्हणत तिनं स्वतःची खोली दिली. हे तर तेव्हा गाडीत घोरत होते!"