रुजलेलं ते घराचं

घराची किल्ली द्यायच्या दिवशी रंगिमारीआजी फावडं घेऊनच परसात उभी राहिली. “आजी, पडदे न्या, फावडं न्या,” वकीलबाईंनी पुन्हा समजावलं, “पण जमिनीत रुजलेलं सगळं घराबरोबर विकलं जातं. कोफायचं झाडसुद्धा.” “झाड राहू द्या की! पण त्याखाली आमच्या माओरी रिवाजानं तीन पोरांच्या नाळा पुरल्यात. त्या मी कधी विकल्या?” वकीलबाईंना त्याचं कलम काही सापडेना. आजीनं फावडं रोवलं, तशी घर घेणारी सामोआची फेतू सातव्या महिन्याचं पोट सावरत पुढं आली. “आजी, आम्हीही पुरतो. थोरल्याची इस्पितळातच राहिली. भाड्याच्या घरात कुठं पुरायची? म्हणून तर हे घर घेतलं. चौथ्या नाळेला जागा होईल?” आजीनं उन्हाकडच्या बाजूला टाचेनं खूण केली. “खोल खण, कुत्री उकरतात.” फावडं फेतूला देत म्हणाली, “वकीलबाई, फावडंही घराबरोबरच लिहा.”