शेजारच्या विश्वाची पत्रपेटी

प्रयोगशाळेच्या फाटकावरची पत्रपेटी आजही दुपारपर्यंत गच्च भरली होती. ‘शेजारचं विश्व सापडलं!’ ही बातमी आल्यापासून लोक तिकडे पत्रं धाडत होते. इथे गेलेलं माणूस तिथे जिवंत असेल, एवढीच आशा. ती बातमी प्रसिद्धी विभागातल्या हेमांगीने लिहिली होती. शास्त्रज्ञांच्या टिपणात ‘कदाचित’ हा शब्द होता. मथळा लांबतो म्हणून तिनेच तो उडवला होता.

द्वारकाबाईंनी आज पत्राबरोबर लोकरीची टोपीही आणली होती.

“नातीची आहे. चौथ्या वर्षी गेली. तिकडे आता सहावं लागलं असेल, म्हणून चार टाके वाढवलेत. पोचेल ना गं बाई?”

पेटी रिकामी करणाऱ्या हेमांगीने हातातला पत्रांचा गठ्ठा खाली ठेवला. “कदाचित, आजी.”

“पेपरात तर असं नव्हतं.”

“नव्हतं. मीच काढलं होतं.”

द्वारकाबाई बराच वेळ टोपीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी ती पुन्हा पिशवीत ठेवली.

“म्हणजे तुम्हाला अजून वेळ लागणार,” त्या म्हणाल्या. “मग ही उसवते, आणि जरा मोठी विणून आणते.”